लेऑफ दिलेल्या कंपनीनेच तीन महिन्यांसाठी परत बोलावलंय. जावं का?

निळीशाई

लेऑफनंतर जुन्याच कंपनीत थोड्या काळासाठी परत गेलेल्यांचं, आणि शक्य असेल तर पेरोलमध्ये काम केलेल्यांचं मत हवंय. सविस्तर लिहिते, कारण तपशील कळल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

मी एका उत्पादन कंपनीत पेरोल सिस्टीम सांभाळायचे. पाळीवर काम करणारे, ऑफिसातले, कंत्राटी, सगळ्यांचे पगार त्याच सिस्टीममधून निघायचे. सिस्टीम जुनी, आणि तिच्यात वर्षानुवर्षं भर घालत नेलेली. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते तेव्हा तास कुठल्या तारखेला धरायचे, सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू झालेली पाळी सुट्टीच्या दराने मोजायची की साध्या, मागच्या तारखेपासून पगारवाढ लागू झाली तर थकबाकी काढताना ओव्हरटाइमचाही फरक द्यायचा का, असे असंख्य नियम. त्यातले काही कागदावर आहेत. बाकीचे मला माहीत आहेत, कारण कुणाचा पगार चुकला की तो का चुकला हे मीच बसून शोधायचे.

चारेक महिन्यांपूर्वी आमच्या विभागातल्या बऱ्याच जणांना एकाच दिवशी काढलं. सकाळी मीटिंगचं बोलावणं आलं. एचआरच्या बाईंनी समोरचा कागद वाचून दाखवला, माझे मॅनेजर पूर्ण वेळ कॅमेरा बंद ठेवून होते. दुपारपर्यंत माझं लॉगिन बंद. महिनाअखेरचं काम अर्ध्यात होतं आणि ते कुणाच्या हाती सोपवायलाही वेळ मिळाला नाही. त्या महिन्यात कुणाकुणाचे पगार चुकले असतील हा विचार मला कित्येक रात्री झोपू देत नव्हता. पैशांच्या बाबतीत मात्र कंपनी नीट वागली. नोटिशीचा पगार दिला, वर सेव्हरन्स (नोकरी गेल्याबद्दलची भरपाई) दिलं, रिलीव्हिंग लेटर वेळेवर दिलं.

गेल्या आठवड्यात त्याच मॅनेजरांचा फोन आला. नवी पेरोल सिस्टीम आणतायत, काम अडलंय, पाळ्यांचे नियम कुणालाच धड माहीत नाहीत. म्हणाले, "तू तीन महिने कॉन्ट्रॅक्टवर ये, सिस्टीम सुरू होईपर्यंत. पुढे कायम करता येईल का ते बघू, पण आत्ता शब्द देता येत नाही." पैसे विचारले तर म्हणाले, जुन्या पगाराएवढे महिन्याला देऊ.

घरी आधी दोन पगार यायचे, आता एकच येतो. घराचा हप्ता चालू आहे. सेव्हरन्स अजून काही काळ पुरेल. दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीच्या फेऱ्या चालल्यात, शेवटची बाकी आहे, पण ते लोक फार सावकाश हलतात. आणि आमच्या टीममध्ये मागे राहिलेल्या दोघी अजून मला मेसेज करून विचारतात, ताई हे कसं करायचं. मी सांगते, कारण त्यांचा त्यात काय दोष?

राग आहे, तो मी लपवत नाही. ज्यांनी मला समोर बघून एक वाक्य बोलायची तसदी घेतली नाही, त्यांच्याच अडचणीला धावून जायचं का? दुसरीकडे, ते काम माझं आहे असं अजूनही वाटतं. मला तीन गोष्टी विचारायच्यात. जावं का? गेले तर कशा अटींवर? आणि चालू असलेल्या मुलाखतीवर याचा काय परिणाम होईल?

---

जुनाखातेदार

ताई, होकार-नकार बाजूला ठेवा आणि आधी सेव्हरन्सचा करार पुन्हा वाचा. अशा करारांत बरेचदा एक कलम असतं: ठरावीक मुदतीत तुम्ही कंपनीत पुन्हा रुजू झालात तर सेव्हरन्सचा उरलेला भाग परत करावा लागतो. तिथे "रुजू" या शब्दाची व्याख्या काय केलीय ते बघा. काही करारांत फक्त कायम नोकरी धरतात, काहींत सल्लागार किंवा कॉन्ट्रॅक्टर म्हणून येणंही त्यात मोडतं. कलम संदिग्ध असेल तर एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या की या कामामुळे सेव्हरन्सला धक्का लागणार नाही. फोनवरच्या आश्वासनाला अर्थ नाही, मॅनेजरांच्या तर नाहीच, कारण तो त्यांच्या अखत्यारीतला विषय नसतो. सेव्हरन्ससोबत आरोग्य विम्याचं संरक्षण काही काळ चालू ठेवलं असेल तर त्याचंही असंच विचारून घ्या. आणि जिथे सरकारकडून बेरोजगारी भत्ता मिळतो, तिथे अशा कमाईने तो थांबू किंवा कमी होऊ शकतो.

आता दर. जुन्या पगाराएवढे पैसे म्हणजे प्रत्यक्षात पगारकपात आहे. हिशोब करून बघा. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २०८० तासांचा पगार तुम्हाला मिळत होता. त्यात रजा, सणाच्या सुट्ट्या, आजारपण धरून ३५ दिवस भरपगारी सुट्टी असेल तर २८० तास गेले. उरले १८००. तेवढं काम करून तुम्ही २०८० तासांचा पगार घेत होतात. कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या तासांचेच पैसे मिळतात, म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही तासाचा दर १५-१६ टक्के जास्त हवा. त्यावर कंपनी भरत होती तो विमा, निवृत्तीसाठीची वर्गणी, बोनस. शिवाय काम संपल्यावर पुढचं मिळेपर्यंतचा रिकामा काळ. या सगळ्यामुळे जुन्या तासाच्या दराच्या दीडपटीखाली मी कधी उतरत नाही. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, पण समोरच्याला हिशोब मांडून दाखवला की तो सहसा पटतो.

आणि "पैसे नाहीत" असं म्हणाले तर लगेच विश्वास ठेवू नका. पगाराचं बजेट आणि प्रकल्पाचं बजेट ही बहुतेक कंपन्यांत वेगळी खाती असतात. लेऑफनंतर भरती गोठवलेली असते, म्हणून मॅनेजरला कायम जागा देता येत नाही. पण नव्या सिस्टीमसाठी मंजूर झालेल्या रकमेतून बाहेरच्या माणसाचं बिल भागवता येतं. तुमचे पैसे बहुधा तिथूनच येणार आहेत, आणि प्रकल्प एक महिना लांबला तर त्यांना जो भुर्दंड पडेल त्यापुढे तुमचा वाढीव दर किरकोळ ठरेल.

---

ठाममत

मी जाऊ नका म्हणेन.

मला असंच बोलावणं आलं होतं आणि मी नकार दिला. त्यामागे राग नव्हता. नोकरी गेल्यावर माणूस हळूहळू त्या जागेतून मनाने बाहेर पडत असतो. सकाळी उठून तिथलं काही आठवत नाही, असा दिवस यायला वेळ लागतो. तुम्ही चार महिन्यांत तिथवर पोचला नाहीत हे तुमच्या लिहिण्यात जागोजागी दिसतंय. "ते काम माझं आहे" असं तुम्ही लिहिलंत. ते आता तुमचं नाही, कंपनीने ते तुमच्याकडून काढून घेतलं. तीन महिने परत जाल, पुन्हा त्या माणसांत रमाल, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा तेच लॉगिन बंद होईल. एकदा सोसलंत ते मुद्दाम दुसऱ्यांदा कशाला?

हातात पुरेसे पैसे आहेत असं तुम्हीच म्हणता. तो काळ नव्या नोकरीच्या शोधाला द्या. आणि त्या दोघींना फुकट मदत करणं थांबवा. वाईट वाटेल, पण ती मदत त्यांच्यापेक्षा कंपनीला जास्त होतेय. माणसं कमी करूनही सगळं चालतंय असं वरच्यांना दिसत राहतं.

---

काठावरची

मी दुसऱ्या बाजूने बोलते. आमच्या ऑफिसात लेऑफ झाला तेव्हा मी राहिले, आणि काढलेल्यांपैकी एक सहकारी वर्षाच्या आत कॉन्ट्रॅक्टवर परत आला.

तो आला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं, पण त्याच्याशी कसं वागावं ते कळेना. जेवणाच्या सुट्टीत तो आला की बोलणं थांबायचं. राहिलेल्यांच्या मनातही बरंच साठलेलं असतं: आपण का राहिलो, पुढचा नंबर कुणाचा, आणि गेलेल्यांचं काम आपल्याच माथी. जोएल ब्रॉकनर या अभ्यासकाने १९८० च्या दशकापासून लेऑफमध्ये वाचलेल्या लोकांवर संशोधन केलंय. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली की गेलेल्यांना न्यायाने वागवलं गेलं असं राहिलेल्यांना वाटलं नाही, तर त्यांचं स्वतःचं मनही कंपनीतून उडतं. मला ते वाचून आमचाच मजला आठवला.

म्हणून निळीशाई, गेलात तर पहिल्या दिवशीच त्या दोघींशी मोकळेपणाने बोला. तुम्ही किती दिवसांसाठी आलात, काय करणार आणि काय नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. आमच्या सहकाऱ्याबद्दल अफवा उठली होती की तो कायम होणार आणि आमच्यातल्या एकाची जागा जाणार. तसं काहीच नव्हतं, पण त्या अफवेपायी निम्मे लोक त्याला माहिती देईनात. शेवटी त्याने सगळ्यांसमोर आपली शेवटची तारीख सांगितली, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

ठाममत यांचं फुकट मदतीबद्दलचं म्हणणं मला पटतं. पण त्या दोघींना ते रागाने सांगू नका. मी त्यांच्या जागी होते. जुन्या माणसाला मेसेज करण्यावाचून दुसरा मार्गच नसायचा.

---

समांतर

पेरोलवाल्यांचं मत मागितलंत म्हणून लिहितो. एका सिस्टीमवरून दुसरीवर पगार हलवण्याची कामं मी केली आहेत. तुमच्या पोस्टमधल्या एकाच शब्दावर अडलो: "सिस्टीम सुरू होईपर्यंत."

हा शब्द करारात अजिबात येऊ देऊ नका.

बाकीच्यांसाठी थोडं समजावतो. नवी पेरोल सिस्टीम एकदम सुरू करत नाहीत. काही महिने जुनी आणि नवी, दोन्हींवर तोच पगार काढतात आणि प्रत्येक माणसाची प्रत्येक ओळ ताडून बघतात. मूळ पगार, भत्ते, ओव्हरटाइम, कपाती, हातात येणारी रक्कम. याला पॅरलल रन म्हणतात. लोकांना पैसे जुन्याच सिस्टीममधून जातात, नवी फक्त तुलनेसाठी चालते. दोन-तीन पगार सलग जुळले, आणि उरलेल्या प्रत्येक फरकाचं कारण कळलं, की मग जुनी बंद करायची.

पहिल्या खेपेला काहीच जुळत नाही, हे गृहीत धरा. आणि गंमत अशी नसते की नवीच चुकीची. कित्येकदा जुनी सिस्टीम वर्षानुवर्षं चुकत असते आणि ते आत्ता उघडं पडतं. मग वाद सुरू होतो: चूक तशीच नव्यात न्यायची, की दुरुस्त करून लोकांना थकबाकी द्यायची? हा निर्णय तुमचा नाही. तो फायनान्स, एचआर आणि कायदेशीर सल्लागार यांनी घ्यायचा असतो, आणि त्यात आठवडे जातात. त्या काळात तुम्ही नुसत्या बसून राहाल, आणि "सिस्टीम सुरू होईपर्यंत" बांधलेल्या असाल. तीन महिन्यांचे आठ होताना मी पाहिलेत.

म्हणून काम असं लिहून घ्या की त्याचा शेवट तुमच्या हातात राहील. उदाहरणार्थ, एक, पाळी आणि ओव्हरटाइमचे सगळे नियम उदाहरणांसह लिहून देणं. दोन, चाचणीसाठी नमुने तयार करणं: मध्यरात्र ओलांडणारी पाळी, सुट्टीला लागून आलेली पाळी, महिन्याच्या मध्यात बढती मिळालेला माणूस, बिनपगारी रजेवरून परतलेला माणूस, नोकरी सोडून गेलेल्याचा अंतिम हिशोब. तीन, तीन पॅरलल रनमधले फरक तपासून प्रत्येकाचं कारण नोंदवणं. फरक दुरुस्त करणं नव्या सिस्टीमवाल्यांचं काम, तुमचं नाही. तीन पगार तपासून झाले की नवी सुरू झालेली असो वा नसो, तुमचं काम संपलं. पुढे हव्या असाल तर नवा करार, नवा दर.

दोन गोष्टी आणखी. पगार चुकल्यास जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट हवं. तुम्ही सल्ला देणार, मंजुरीची सही कंपनीच्या माणसाची. आणि करार सही होऊन लॉगिन हाती येईपर्यंत एकही नियम फोनवर सांगू नका. "जरा एवढंच सांग ना" करत अर्धं काम काढून घेतात, वाईट हेतू नसतानाही.

आणि ताई, पाळीवर काम करणाऱ्या माणसाचा ओव्हरटाइम चुकला तर त्याला तो दोन महिन्यांनी मिळून चालत नाही. तुम्हाला त्या लोकांची काळजी वाटते हे तुमच्या पोस्टमध्ये दिसतं. माझ्या मते परत जायला तेवढं कारण पुरेसं सन्मानाचं आहे. मॅनेजरांशी त्याचा संबंध जोडू नका.

---

सहावीफेरी

मी भरतीच्या कामात आहे, त्यामुळे मुलाखतीपुरतं सांगते.

कॉन्ट्रॅक्टवर जुन्या कंपनीत परत गेल्याने तुमची बाजू पडत नाही, उलट बळकट होते. लेऑफ झालेल्या उमेदवाराबद्दल मुलाखत घेणाऱ्याच्या मनात एक न विचारलेला प्रश्न असतो: माणसं कमी होती म्हणून काढलं, की काम बरं नव्हतं म्हणून? त्याच कंपनीने पुन्हा बोलावलं, यातच उत्तर आलं. बायोडेटात मात्र ते जुन्या नोकरीला जोडून टाकू नका. वेगळी नोंद, वेगळ्या तारखा, समोर "ठरावीक मुदतीचा करार" असं लिहा. पार्श्वभूमीची तपासणी होते तेव्हा तारखा जुळल्या नाहीत तर उगाच खुलासे देत बसावं लागतं.

शेवटच्या फेरीआधी त्यांना आपणहून कळवा. एक छोटा ईमेल पुरे: मी अमुक तारखेपर्यंतचं काम घेत आहे, करार इतक्या दिवसांच्या नोटिशीने सोडता येतो, तुमच्याकडे रुजू व्हायला अडचण नाही. सावकाश हलणाऱ्या कंपन्या कधीकधी अशा ईमेलनेच जाग्या होतात. याचा अर्थ करारात नोटीस छोटी हवी, एक आठवडा, फार तर दोन. आणि कायम नोकरी मिळाल्यास सोडता येईल असं स्पष्ट कलम हवं.

"पुढे कायम करता येईल का बघू" याला आज शून्य किंमत धरा आणि त्या आशेवर दर कमी करू नका. पण खरंच पुन्हा कायम व्हायची इच्छा असेल तर ती लेखी कळवून ठेवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या शिफारस क्रमांक १६६ मध्ये असं म्हटलंय की आर्थिक कारणांनी काढलेल्या माणसाने ठरावीक मुदतीत परत यायची इच्छा कळवलेली असेल, तर मालकाने तशाच पात्रतेची माणसं पुन्हा घेताना त्याला काही प्राधान्य द्यावं. शिफारस बंधनकारक नसते, पण काही देशांच्या कायद्यांत याच धर्तीची तरतूद आहे. अर्थात इच्छा नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

---

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. करार काढून वाचला. पुन्हा रुजू होण्याचं कलम आहे, आणि त्यात "कोणत्याही स्वरूपात" असे शब्द आहेत. हे मला माहीतच पडलं नसतं. एचआरला ईमेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं की ठरावीक मुदतीच्या सल्लागार करारासाठी ते हे कलम लागू करणार नाहीत. ते लेखी आहे, जपून ठेवलंय.

ठाममत, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. रागही आला आणि पटलंही. शेवटी स्वतःला एकच विचारलं: मॅनेजर बदलले असते आणि कुणा अनोळखी माणसाने या दरात हेच काम देऊ केलं असतं, तर मी घेतलं असतं का? लगेच हो आलं. मला हे काम आवडतं, आणि ते नियम कुठेतरी नीट लिहिले जावेत असं मनापासून वाटतं. म्हणजे पुढच्या वेळी कुणाला तडकाफडकी काढलं तरी पगार चुकणार नाहीत.

त्यामुळे जायचं ठरवतेय, पण समांतर यांनी सांगितल्या तशा कामाच्या व्याख्येवर. तीन पॅरलल रन, फरकांची नोंद, नियमांचा दस्तऐवज. दर दीडपट मागितला. मॅनेजर गप्प झाले, मग म्हणाले विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी हो म्हणाले. मी त्यांना त्या दिवशीच्या कॅमेऱ्याबद्दलही बोलले. शांतपणे सांगितलं की तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलायला हवं होतंत. ते म्हणाले, मला बोलू नको असं सांगितलं होतं. ते खरं असेलही. मला सांगायचं होतं ते मी सांगितलं.

त्या दोघींनाही फोन केला. शेवटची तारीख सांगितली, आणि आता मेसेजवर नाही, तिथे येऊन सांगेन म्हटलं.

फक्त एक अडलंय. करार कंपनीशी थेट होणार नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत होईल असं काल कळलं. ठरलेला दर कंपनी एजन्सीला देणार, एजन्सी मला. यात काय बघायचं?

---

जुनाखातेदार

अगदी नेहमीची पद्धत आहे, घाबरू नका. पण सही करण्याआधी चार गोष्टी विचारा.

तुमचा दीडपट दर एजन्सीचं कमिशन कापून की त्याव्यतिरिक्त? हा प्रश्न आधी, आणि उत्तर तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेत मागा. पैसे कधी देणार? "कंपनीकडून आले की देऊ" असं कलम असेल तर ते खोडून "बिल दिल्यापासून इतक्या दिवसांत" असं लिहून घ्या. कंपनीने एजन्सीचे पैसे अडवले तर तो त्यांचा आपसातला प्रश्न, तुमचा नव्हे. तिसरं, एजन्सीच्या छापील करारात बहुतेक वेळा असं कलम असतं की संपल्यावर अमुक महिने त्या ग्राहक कंपनीत थेट नोकरी घेता येणार नाही. तुम्हाला एजन्सीने शोधून आणलेलं नाही, तेव्हा हे कलम काढायला सांगा. आग्रह धरलात तर काढतात. आणि चौथं, समांतर यांनी लिहिलेली कामाची व्याख्या एजन्सीच्या करारालाही परिशिष्ट म्हणून जोडा. नाहीतर कंपनीशी एक ठरलेलं आणि सही केलेल्या कागदावर "ग्राहक सांगेल ते काम" असं व्हायचं.

तुम्हाला कर्मचारी म्हणून दाखवणार की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, तेही विचारा. कर कोण भरणार, विमा आहे की नाही, हे सगळं त्यावर ठरतं. कागदावर स्वतंत्र म्हणायचं आणि प्रत्यक्षात वेळा, रजा, बसायची जागा सगळं कंपनीने ठरवायचं, असं चालत असेल तर बऱ्याच देशांत कायदा कागदापेक्षा प्रत्यक्ष नियंत्रण कुणाचं ते बघतो.

मसुदा आला की कंपनीची, एजन्सीची आणि माणसांची नावं काढून ती पेमेंटची आणि नोटिशीची कलमं इथे टाका. आम्ही बघतो.